आमच्या वहीतली मतं



माइकसमोर एक जण उभा असला तरी आजचं बोलणं दोघांचं आहे. दुसरं माणूस पहिल्या रांगेत पंख्याखाली बसलं आहे, आणि काही चुकलं तर तिथूनच टोकायचं असं आम्ही घरून ठरवून आलो आहोत. म्हणून आज सगळं ‘आम्ही’. कार्यवाहांनी विषय दिला होता ‘एका वाचकाचं रोजचं वाचन’. तो आम्ही ‘दोन वाचकांचं’ असा बदलून घेतला, कारण आमच्या घरी ग्रंथालयाचं कार्ड कायम एकच होतं. त्यावर एक पुस्तक आणि एक मासिक. दोन माणसं, एक पुस्तक. त्यात एकाची खूण विजेच्या बिलाची आणि दुसऱ्याची बसच्या तिकिटाची. पुस्तक परत द्यायचा दिवस आला की ज्याचं राहिलं असेल त्याने न्याहारीच्या वेळी ते उरकायचं, असा नियम.

लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे 1979 साली, आम्ही एक वही घातली. पुस्तकाचं नाव, लेखक, परत केल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात मत. रकाना अरुंद होता, त्यामुळे मत एका ओळीचं. दोन अक्षरं, दोन शाया. अशा आता पाच वह्या झाल्या आहेत. आम्ही समीक्षक नव्हे. पण चाळीस वर्षं एका ओळीत निकाल देत आलो, तेव्हा न्यायाधीशाचा थोडा ताठा अंगात आला होता हे कबूल करायला हवं.

तीन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकीची नजर कमी होऊ लागली. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस दारातून आत आला हे कळतं, चेहरा कळत नाही. छापलेल्या ओळीकडे बघितलं की नेमका जो शब्द बघायचा तोच पुसला जातो. मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं आम्ही शोधली, आमच्या ग्रंथालयात एकही मिळालं नाही. भिंग आणलं, ते एका महिन्यात कपाटात गेलं. मग एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर आम्ही मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एक वाचतो, एक ऐकते. रोज सात ते आठ. तासात सोळा-सतरा पानं होतात, त्याहून जास्त घशाला झेपत नाही.

यात नवं काहीच नाही. आमच्या आजोळी चातुर्मासात पोथी लागायची. एक जण वाचायचा, वीस जण ऐकायचे, कुणी वाती वळायचं, कुणी भाजी निवडायचं. गावोगाव वर्तमानपत्रंसुद्धा अशीच ऐकली गेली आहेत. कोपऱ्यात बसून ओठ न हलवता वाचणं ही आपल्याकडची अलीकडचीच सवय, आणि आम्ही दोघं त्याच सवयीत वाढलो. त्यामुळे सत्तरीला पोचताना पुन्हा पोथीवर यावं लागलं तेव्हा सुरुवातीला अवघड वाटलं. खरं सांगायचं तर थोडं अपमानास्पदही वाटलं. दोघांनाही. जिची नजर गेली तिला दुसऱ्याच्या वेगाने चालावं लागणार होतं. ज्याची राहिली त्याचं एकट्याचं वाचन गेलं.

ठरलं असं की नवी पुस्तकं मागाहून बघू, आधी वहीतली आवडती पुन्हा घ्यायची. आणि तिथून आमच्या मतांची पंचाईत सुरू झाली.

वहीत ‘मृत्युंजय’पुढे 1981 सालची नोंद आहे: ‘अप्रतिम. दोन रात्री जागून.’ आता बघा, सातशेच्या आसपास पानांचं पुस्तक दोन रात्रीत! त्या वेळी याचा अभिमान वाटला होता. मोठ्याने वाचायला तेच पुस्तक दीड महिना लागलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या लक्षात आलं की 1981 साली आम्ही हे पुस्तक वाचलंच नव्हतं. आम्ही त्यावरून धावत गेलो होतो. डोळा फार हुशार असतो. सूर्योदयाचं वर्णन आलं की तो पुढच्या परिच्छेदावर उडी मारतो, उपमा दिसली की तिचा अर्थ गृहीत धरतो आणि जिथे संवाद आहेत तिथे उतरतो. आवाजाला ही सोय नाही. त्याला प्रत्येक विशेषण उच्चारावं लागतं.

पहिला आठवडा फार छान गेला, हेही सांगायला हवं. शिवाजी सावंतांचं गद्य आवाज मागतंच. रंगभूमीवरच्या स्वगतासारखं ते चढत जातं, वाचणाऱ्याला आपण फार थोर आवाजाचे आहोत असं वाटू लागतं. शेजारच्या काकू एकदा दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पण पुस्तकाची रचना अशी की सहा जण आपापली कहाणी सांगतात: कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि शेवटी कृष्ण. तेव्हा आम्ही एक खेळ केला. वाचणाऱ्याने मधलंच एखादं पान उघडायचं, नावं येतील ती गाळायची आणि ऐकणारीने हे कोण बोलतंय ते ओळखायचं. पाचपैकी तीन वेळा ओळखता आलं नाही. दुर्योधन आणि शोण एकाच शाळेत वक्तृत्व शिकलेले. वृषाली तिच्या नवऱ्यासारखीच बोलते. कृष्णालाही त्याच अलंकारात बोलावं लागतं. सहा माणसांना ‘मी’ म्हणायला लावणं ही कल्पना मोठी, पण ‘मी’ बदलला की भाषा बदलायला हवी. ती बदलत नाही, आणि डोळ्याला हे चाळीस वर्षं कळलं नव्हतं.

आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हेच पहिलं जाडं पुस्तक होतं, हे विसरून आम्ही बोलत नाही. महाभारताकडे आम्हालाही यानेच नेलं. त्यामुळे वहीतली ‘अप्रतिम’ ही नोंद आम्ही खोडलेली नाही. शेजारी नवी तारीख घालून लिहिलं: ‘आवाज एकच.’

योगायोग असा की इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ त्याच वर्षीचं, 1967 चं. तेच महाभारत. वहीत आमचा 1983 चा शेरा: ‘कोरडं.’ आज त्याची लाज वाटते. मोठ्याने वाचताना असं वाटलं की कुणी हुशार बाई समोर झोपाळ्यावर बसून आपल्याशी वाद घालते आहे. इरावतीबाई एक विधान करतात, महाभारतातला आधार देतात आणि पुढे सरकतात. ऐकणाऱ्याला मध्येच ‘थांबा, हे पटलं नाही’ म्हणावंसं वाटतं, आणि आम्ही थांबलोही. कर्णाबद्दल त्या हळहळत नाहीत. हा माणूस घोषयात्रेच्या वेळी गंधर्वांपुढे पळाला होता, विराटाच्या रणातही टिकला नव्हता, हे ‘मृत्युंजय’च्या तेजात न्हालेल्या आमच्यासारख्यांच्या पुढे त्या शांतपणे ठेवतात. त्या एका लेखावर आमचे चार दिवस गेले. सतरा पानांचा वेग चार पानांवर आला. तरुणपणी आम्ही ‘कोरडं’ म्हटलं त्याचं कारण एवढंच असावं की त्या पुस्तकाने आम्हाला रडवलं नाही, आणि पुस्तकाने रडवलं म्हणजे ते मोठं असा आमचा तेव्हाचा हिशोब होता. हा हिशोब आमच्या एकट्याचा नाही. आजही ग्रंथालयात कुणाला पुस्तक कसं आहे विचारलं तर ‘डोळ्यांत पाणी आलं’ हे प्रशस्तिपत्र म्हणून सांगतात.

‘कोसला’चं उलट झालं. वहीत एका अक्षरात: ‘झकास.’ दुसऱ्यात: ‘साठ पानांवर सोडलं. वगैरे वगैरे.’

(पहिल्या रांगेतून: ‘ते मी लिहिलं होतं, सांगा की!’ हशा.)

सांगितलं. या पुस्तकावरून आमच्या घरात 1980 पासून शीतयुद्ध होतं. वाचणाऱ्याच्या मते ते विद्यार्थिदशेतलं सर्वांत खरं पुस्तक, तर ऐकणारीच्या मते एका आळशी मुलाची कुरकुर. आता कानावर पडल्यावर तिचं म्हणणं असं की तो सारखा येणारा ‘वगैरे’ छापलेला बघितला की डोळ्यात खुपतो, पण ऐकू आला की तो ताल आहे. हॉस्टेलच्या खोलीत कॉटवर आडवा पडून बोलणारा मुलगा असाच बोलेल. मोठं काही बोलून जाईल आणि मग त्याची लाज वाटून ‘वगैरे’ म्हणून ते झाकेल. आणि मनीच्या मृत्यूपाशी आल्यावर हाच मुलगा झाकायला काही शोधतो आणि त्याला काही सापडत नाही. नेमाडे तिथे आवाज चढवत नाहीत. वाचणाऱ्यानेही चढवू नये, नाहीतर ते पान नासतं. आमच्याकडून पहिल्यांदा नासलं. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, सपाट आवाजात वाचलं. ऐकणारी शेवटी एवढंच म्हणाली, ‘अहो, चाळीस वर्षं मी उगीच भांडले.’ वाचणाऱ्याला मात्र या वेळी उत्तरार्धातली पानं थोडी लांबल्यासारखी वाटली. म्हणजे भांडण मिटलं नाही, फक्त बाजू बदलल्या.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’बद्दल जास्त बोलत नाही. ज्या बाईला नवऱ्याने घरीच अक्षरं शिकवली तिचं गद्य कानाला गोड लागणारच. वाक्य छोटं, क्रियापद ठणठणीत, आणि दुःखाच्या अगदी मधोमध हसू. आमच्या वहीत दोन्ही शायांनी ‘उत्तम’ होतं, ते तसंच राहिलं. एवढ्या एकमताचं पुस्तक भाषणाच्या कामाचं नाही.

एक नाव मात्र घ्यायचंय, नारायण धारप. वहीत ही पुस्तकं आम्ही मत न देता नुसती नोंदवलेली आहेत, काही तर नोंदवलेलीसुद्धा नाहीत. रात्री वाचायची, सकाळी परत द्यायची आणि चारचौघांत बोलायचं नाही. पावसाळ्यात दिवे गेलेले असताना आम्ही धारपांचं एक पुस्तक मेणबत्तीवर वाचलं. वाक्यं साधी, कुठेही अडखळायला होत नाही. जुना वाडा, कुलूप, जिना, वरची खोली. कोणती वस्तू कुठे आहे ते आधी नीट सांगून ठेवतात, म्हणजे पुढे अंधारात ती हलली की आपल्याला कळावं. भीती कशी बांधायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पारितोषिकं मिळालेल्या आणि आम्ही वहीत नावाजलेल्या दोन-तीन कादंबऱ्यांपेक्षा ते पुस्तक आवाजात जास्त टिकलं. त्यांची नावं सांगत नाही, लेखक हयात आहेत. धारपांच्या गद्यावर, म्हणजे त्यातल्या भुतांवर नव्हे, नुसत्या गद्यावर, कुणीतरी शांतपणे लिहायला हवं.

पु. ल. आम्ही मोठ्याने वाचत नाही. दोन ओळी झाल्या की त्यांचाच आवाज आठवतो आणि आपली फजिती होते.

पुष्कळ जण आम्हाला विचारतात, ऑडिओबुक का लावत नाही? लावून बघितलं. वाचणारे नट चांगले असतात. अडचण अशी की ते फार चांगले असतात. कुठे हळवं व्हायचं ते तेच ठरवून टाकतात. आणि ‘थांबा, हे पटलं नाही’ म्हटलं तर ते थांबत नाहीत.

आता सवयींतली एक भानगड. ऐकणारीला लहानपणापासून पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड. वाचणाऱ्याला हा गुन्हा वाटतो. डोळे होते तोवर हा ज्याचा त्याचा प्रश्न होता. आता शेवट वाचायचा तर दुसऱ्याच्या तोंडून वाचून घ्यावा लागतो. ‘रणांगण’ घेतलं तेव्हा यावरून दोन दिवस अबोला झाला. विश्राम बेडेकरांची ही 1939 ची छोटी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या राज्यातून पळालेली ज्यू माणसं, त्यांत हॅर्टा, आणि तिच्यात गुंतत जाणारा, तरी आत कुठेतरी दगड झालेला चक्रधर. शेवटी हॅर्टाची पत्रं आहेत. ऐकणारीचा आग्रह की आधी पत्रं. शेवटी वाचली. आणि आम्हाला मान्य करावं लागलं की त्याने काहीच बिघडलं नाही. हॅर्टाचं काय होणार हे ठाऊक असताना बोटीवरचं प्रत्येक हसणं वेगळं ऐकू आलं. चक्रधर एखादं वाक्य सहज टाकून जातो तेव्हा अंगावर काटा आला, कारण त्याची किंमत कोण देणार हे आम्हाला माहीत होतं. गुपित फुटल्यावर जे पुस्तक मरतं ते आपण एकदाच वाचावं. ‘रणांगण’ तसलं नाही. तेव्हापासून शेवटचं पान आधी वाचायची परवानगी आहे, फक्त धारप सोडून.

आता जे सांगायचं ते सांगावं की नाही यावर काल रात्रीपर्यंत एकमत नव्हतं. पहिल्या रांगेने परवानगी दिली आहे.

‘युगान्त’मध्ये गांधारीवर एक लेख आहे. आंधळ्या नवऱ्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधून घेतलेली बाई. युद्ध संपलंय, मुलं गेलीत, म्हाताऱ्यांची ती मंडळी वनात राहताहेत आणि तिथे नवरा-बायकोचं उशिरा का होईना, बोलणं होतं. आमचा वाचणारा त्या लेखापाशी आला आणि त्याने पानं गाळली. एक-दोन नव्हे, चांगली तीन-चार. आवाज तसाच ठेवून पुढच्या परिच्छेदावर गेला. त्याला वाटलं, अंधाराचं एवढं सगळं नको ऐकायला लावायला. दयाच होती ती, त्याच्या मते.

ऐकणारी काही बोलली नाही. आठ वाजले, पुस्तक मिटलं. जेवताना तिने विचारलं, ‘गांधारीची पट्टी सुटते ते कुठे गेलं?’

तिने ते पुस्तक 1983 साली वाचलं होतं. ‘कोरडं’ हा शेरा तिचा नव्हता, आणि तो लेख तिला आठवत होता. त्या रात्री ती जे बोलली ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही, पण मुद्दा असा होता: माझे डोळे गेलेत, पुस्तक गेलेलं नाही. तुम्ही जर गाळून वाचणार असाल तर उद्यापासून मला कुठल्याच पानाची खात्री नाही. आतापर्यंत काय काय गाळलंत ते मला कसं कळणार?

खरंच, कसं कळणार? आमच्याजवळ उत्तर नव्हतं. तीन दिवस वाचन बंद राहिलं. चौथ्या दिवशी तो लेख पहिल्या ओळीपासून घेतला आणि प्रत्येक पान उलटताना पानाचा आकडा मोठ्याने म्हणायचा असं ठरलं. अजूनही म्हणतो. ऐकायला विचित्र वाटतं. पाहुणे आलेले असले तर त्यांना वाटतं काहीतरी हिशोब चाललाय. तो शेवटचा भाग त्या दिवशी पूर्ण वाचला. त्याबद्दल आमचं मत वहीत नाही. दोघांनीही रकाना मोकळा ठेवला आहे.

तेव्हापासून मराठी परीक्षणं ऐकताना आमच्या मनात एक शंका येते. परीक्षण लिहिणाऱ्याने पुस्तक कसं वाचलं हे त्यात कुठेच नसतं. एका बैठकीत, की महिनाभर तुकड्यातुकड्यांनी? लोकलमध्ये उभ्याने, की प्रकाशन समारंभाच्या आदल्या रात्री? वर्णनं गाळून? शेवटची शंभर पानं चाळून? आमच्या वहीतल्या अर्ध्याअधिक मतांवर आता आमचाच विश्वास नाही. ती चुकीची आहेत म्हणून नव्हे. ती कशी झाली ते लिहून ठेवलेलं नाही म्हणून. नव्या, सहाव्या वहीत एक रकाना वाढवला आहे: ‘कसं वाचलं’. तिथे आता ‘मोठ्याने, पूर्ण’ असं लिहितो. एका पुस्तकापुढे ‘मोठ्याने, घसा बसला, दहा दिवस खंड’ असंही आहे.

कानाला सगळं कळतं असा आमचा दावा नाही. जी. ए. कुलकर्ण्यांपाशी आम्ही हरलो. ‘काजळमाया’ आम्हा दोघांचं लाडकं. वाचायला घेतल्यावर असं झालं की एका वाक्यात एक उपमा, तिच्या पोटात दुसरी, आणि आवाज वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत ऐकणारीच्या हातून सुरुवात निसटलेली. ते गद्य डोळ्यांनी मागे जाऊन पुन्हा बघण्यासाठी लिहिलेलं आहे. आम्ही रोज फक्त पाच पानं, तीही दोनदा, असा प्रयोग केला आणि दुसऱ्या कथेत थांबलो. इथे दोष पुस्तकाचा नाही, हे आमचं निःसंशय मत. काही लेखक तिला आता आठवणीतच ठेवावे लागणार, आणि त्यांत जी. ए. आहेत. हे तिला फार लागलं. किरण नगरकरांचं ‘सात सक्कं त्रेचाळीस’ही त्याच कारणाने आम्ही घेतलेलं नाही.

सध्या ‘बनगरवाडी’ चालू आहे. तो तरुण मास्तर नोकरीच्या गावाला चालत निघतो तिथपासून आम्ही त्याच्याबरोबर आहोत. निवेदन छान जातं. माडगूळकर एक शब्द जास्त खर्च करत नाहीत. पण धनगरांची बोलणी आली की वाचणाऱ्याची दाणादाण. आमची जीभ कोकणातली. आमच्या तोंडी कारभारी बोलला की तो रत्नागिरीहून आल्यासारखा वाटतो. ऐकणारी म्हणते, नक्कल करू नका, आपल्याच आवाजात वाचा, माझ्या कानात मी त्याला माणदेशात नेईन. वाचणाऱ्याला हे अजून पटलेलं नाही. माडगूळकरांनी बोलीचा एकेक स्वर मोजून घातलाय तो असा आपल्या सुरात बुडवायचा? यावर आपल्यापैकी माणदेशाकडचं कुणी असेल तर भाषणानंतर जरूर भेटा. दोन वाक्यं तुमच्या तोंडून ऐकायची आहेत.

तालीम बांधून झाली आहे, दुष्काळ यायचा आहे. शेवटचं पान अर्थातच वाचून झालंय. पुस्तकाची मुदत सोमवारी संपते, आणि कार्यवाह इथेच बसले आहेत म्हणून विचारून टाकतो, आठ दिवस वाढवून मिळतील का?

(हशा. टाळ्या.)